पहिल्या हसण्याचं मीठ

त्या वसंतात बर्निताच्या घरात दोन गोष्टींची वाट बघणं चाललं होतं. एक पाण्याची आणि दुसरी हसण्याची. पाण्याची वाट तर सगळं खोरंच बघत होतं. दोन हिवाळे धड बर्फ पडला नव्हता. पवनचक्की नुसती करकरत फिरायची आणि तिच्याखालच्या टाकीत गंज आणि मेलेली चिलटं याखेरीज काही नव्हतं. हसण्याची वाट मात्र त्या एका घरापुरती होती. बर्निताची लेक ट्रीना बाळंत होऊन तीन महिने झाले होते आणि तिची पोरगी अजून हसली नव्हती.

म्हणजे ओठ हलवायची, झोपेत गालातल्या गालात खुलायची. ते कुणी जमेस धरत नाही. समोरच्या माणसाकडे बघून, आवाज काढून हसलं तर ते इकडच्या रीतीने पहिलं हसणं. ते ज्याच्यामुळे आलं त्याने चार दिवसांच्या आत जेवण घालायचं, बाळाला मांडीवर घ्यायचं आणि त्याच्या मुठीतून आल्यागेल्याच्या तळहातावर मिठाचा खडा ठेवायचा. असं केलं की पोर मोठेपणी हाताचं सैल होतं, नाहीतर चिक्कू निपजतं. शिवाय ज्याने हसवलं त्याचा स्वभाव पोराला लागतो. म्हणून कुणी हसवावं याची मसलत घरात आधीपासूनच चालते. कुणीही सोम्यागोम्या येऊन हसवून गेला, असं चालत नाही.

बर्निताने आपला भाऊ लेरॉय ठरवून ठेवला होता. लेरॉय शाळेत मास्तर. दिलदार, दारूला न शिवलेला, कुणाची गाडी वाळूत रुतली की पहिला धावणारा. तो दर रविवारी चिनलीहून यायचा, टोपी काढून बाळासमोर बसायचा, मेंढीसारखा ओरडायचा, गाल फुगवायचा, डोळे तिरळे करायचा. पोरगी त्याच्याकडे ठाणेदारासारखी बघत राहायची.

"हिला माझा तास आवडत नाही," लेरॉय म्हणायचा. "वर्गातल्या पोरांचंही तेच म्हणणं आहे."

अशा या घरात लोरिंडा येऊन पाच आठवडे झाले होते. ती बर्निताच्या धाकट्या बहिणीची मुलगी. ती बहीण सतराव्या वर्षी फिनिक्सला गेली ती गेलीच. तिथे दारूच्या नादी लागली, गेल्या पानगळीत तिथेच वारली आणि तिथेच पुरली गेली. पुरताना लोरिंडा होती आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या दोन बाया होत्या, बस्स. लोरिंडा तेवीस वर्षांची. अर्धं लहानपण परक्यांच्या घरी काढलेली आणि पुढे एका मोटेलच्या चादरी धुऊन, घड्या घालून पोट भरणारी. आईच्या पेटीत तिला एका जुन्या पाकिटावर पत्ता सापडला. तिने पत्र टाकलं. दोन महिन्यांनी ट्रीनाच्या अक्षरात चार ओळी आल्या. आईची कंबर धरली आहे. मी ओली बाळंतीण. नवरा दूर रेल्वेच्या कामावर. मेंढ्या विणार आहेत, काम होत असेल तर ये.

माय मरो, मावशी जगो म्हणतात. तसल्याच कसल्यातरी भरवशावर लोरिंडा बसमध्ये बसली. दारात बर्निताने तिचा चेहरा पाहिला नाही, हात पाहिले. उलटसुलट करून पाहिले.

"मऊ हायेत," ती म्हणाली. "कोकरं हुईस्तवर ऱ्हा. मग लेरॉय तुला बसवर सोडंल."

झालं तेवढंच स्वागत. तिची खाट पेंडीची पोती ठेवायच्या खोलीत टाकली. पहाटे उठून वाड्यातल्या मेंढ्या बघायच्या, व्यालेली असेल तिची वार पडली का पाहायची, कोकरू पुसून आईच्या सडाला लावायचं, मग पिकपमध्ये टाकी चढवून अठरा मैलांवर पंचायतीच्या नळावर रांग धरायची. वारा दिवसभर. दातांत वाळू, वेणीत वाळू, भाकरीत वाळू. आठवड्याभरात तिच्या हाताला फोड आले, ते फुटले, त्यांची कातडी झाली. बर्निताने तेही बघितलं असणार, पण बोलली नाही.

घरात माणसं होती आणि बोलायला कुणी नव्हतं. जेवताना मायलेकी आपल्या बोलीत बोलायच्या आणि लोरिंडाकडे वळल्या की इंग्रजीत यायच्या. इंग्रजीत आलं की बोलणं आटायचं. मीठ दे, दार लाव, पाणी संपलं. बर्निताला वाटायचं, हिला आपली बोली येत नाही. बोलता येत नव्हतीच, पण कळायची सगळी. तिची आई प्यायली की त्याच बोलीत रडायची, त्याच बोलीत शिव्या द्यायची आणि मग तिला जवळ घेऊन त्याच बोलीत गायची. लोरिंडाने हे इथे सांगितलं नाही. आधी लाजेने सांगितलं नाही, आणि नंतर नको ते कानावर आल्यावर सांगायची सोय राहिली नाही.

ते दुसऱ्याच आठवड्यात आलं. ती चुलीपाशी बटाटे सोलत होती. ट्रीना म्हणाली, "आई, जरा बाळाला लोरिंडाकडे देते, मी केस धुऊन येते."

"तिच्या हाती देऊ नको," बर्निता आपल्या बोलीत म्हणाली.

"का गं? बरी आहे की ती."

"बरी हाय. तिची आई बी बरीच व्हती. साऱ्या खोऱ्यात हसरी पोर. ते हसणं कुठं जाऊन पडलं, ठावं हाय न्हवं? आन् ही तिचीच. पोरगी हिला बघून हसली तर जल्माचं वारं लागंल. हसू दे आधी लेरॉयकडं, मग घेऊ दे कुणाला बी."

लोरिंडाने मान वर केली नाही. सोलता सोलता बटाटा निम्मा झाला.

बहिणीचं नाव बर्निताने त्या दिवशीही घेतलं नाही. इथे गेलेल्याचं नाव घेत नाहीत, घेतलं तर ते माघारी वळतं. हे लोरिंडाला आईनेच शिकवलं होतं. तरी तिला वाटायचं, एकदा कुणीतरी ते नाव उच्चारावं. फिनिक्समध्ये ते नाव घेणारं कुणी उरलं नव्हतं आणि इथे कुणी घेणार नव्हतं.

पाण्याहून येताना टेकडाच्या माथ्यावर फोन लागायचा. ती गाडी थांबवून बघायची. पाच आठवड्यांत एकच निरोप आला. मोटेलच्या धुलाईचा एप्रन तिच्याकडे राहिला आहे, तो परत करावा. टेकडावर बसून तिने तो निरोप दोनदा वाचला, मग खाली वाड्यातल्या मेंढ्या दिसतात का पाहिलं. दिसल्या. आणि तिला कळून चुकलं की आपल्याला परत जायचं नाही. कुणी बोलत का नसेना, पण या वाड्यातल्या एकतीस मेंढ्या ती आता तोंडावरून ओळखत होती. तिला इथे राहायचं होतं. मात्र तसं मागायचं कुणाकडे आणि कुठल्या तोंडाने, हे तिला ठाऊक नव्हतं.

दर दिवसाला कोकरं वाढत होती आणि तिचे दिवस कमी होत होते.

मग तो गुरुवार आला. पहाटेपासून वारा सुटला होता. एक पहिलटकरीण मेंढी अडली. कोकराचा एक पाय आत मुडपला होता. बर्निता कंबर दुखत असतानाही गुडघ्यावर बसली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. लोरिंडाने मेंढीचं डोकं मांड्यांत धरलं. ट्रीना बाळाला इकडच्या रीतीने पाळण्यासारख्या लाकडी फळीवर बांधून, ती काखेत घेऊन कुंपणापाशी उभी होती.

"उभी काय ऱ्हायलीस. ऊन पानी आन, साबण आन," बर्निता खेकसली.

ट्रीनाने आडोशाला खांबाला फळी टेकवून ठेवली आणि घराकडे पळाली. पोरगी फळीवरून टकमक बघत होती.

त्या गडबडीत कोपऱ्यातल्या एडक्याची दोरी सुटली ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्याने मागे सरून नेम धरला आणि लोरिंडाच्या पाठीत अशी ढुशी दिली की ती मेंढीच्या डोक्यावरून पलीकडे, लेंड्या, चिखल आणि फुटलेल्या पाणमोटीचं पाणी यात तोंडावर पडली. उठली तेव्हा टोपी गेलेली, नाकाला गवताची काडी चिकटलेली. नाकात कोंडा गेला होता. ती शिंकली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा अख्खं अंग हलवून.

आणि पोरगी हसली. खुदकन नाही, चांगलं पोट हलवून, आवाज काढून. थांबली, लोरिंडाकडे पाहिलं आणि परत हसली.

लोरिंडालाही हसू फुटलं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा ती हसत होती, तीही तोंडात माती घेऊन. "मावशी, ती हसली," ती म्हणाली. "तुम्ही ऐकलंत ना."

बर्निताचा हात मेंढीच्या पोटात तसाच थांबला होता. तिने पोरीकडे पाहिलं, मग लोरिंडाकडे.

"ठसका लागला तिला. वारं हाय."

"ठसका नाही. माझ्याकडे बघून हसली. दोनदा."

"ठसका व्हता म्हनते मी. डोस्कं धर मेंढीचं, मरंल ती."

लोरिंडाने डोकं धरलं. बर्निताने आतला पाय सरळ केला, ओढलं, आणि कोकरू गवतावर घसरलं. जिवंत होतं. एवढ्यात ट्रीना पाण्याचं भांडं घेऊन आली आणि लोरिंडाचा अवतार बघून जागीच थांबली.

"हे काय? हिला काय झालं?"

"एडक्यानं पाडली," बर्निता हात धूत म्हणाली. "बाकी काय न्हाई."

ट्रीनाने लोरिंडाकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. ट्रीना भली बाई होती, तिने विश्वास ठेवला असता. पण लोरिंडाच्या मनात बटाटे सोलतानाचं बोलणं आलं. ते खरं असलं तर? आपल्या आईचं काय झालं ते तिने पाहिलं होतं. आपलं काय चाललं आहे तेही ती रोज पाहत होती. हा एकटेपणा त्या फळीवरच्या पोरीच्या मागे लागला तर? त्या विचाराने तिला इतकी भीती वाटली की तोंडातली माती तिने थुंकून टाकली आणि बोलायचं तेही टाकून दिलं.

"बाकी काही नाही," ती म्हणाली.

रविवारी लेरॉय आला. टोपी काढून जेमतेम एकदा बें केलं असेल नसेल, पोरगी खळखळून हसली. तिला आता वाट माहीत झाली होती. ट्रीना रडायलाच लागली. लेरॉयने पोरीला फळीसकट उचलून अंगणात नाचवलं. "शेवटी माझा विषय कळला बरं का हिला," तो म्हणाला. बर्निताही हसली, पण बघत होती चुलीकडे. बुधवारी शाळा सुटल्यावर जेवण ठरलं. रविवारपासून धरलं तर दिवस बरोबर बसत होते. खरे चार दिवस सोमवारीच सरत होते, हे ठाऊक असणाऱ्या दोघी एकमेकींकडे न बघता भांडी घासत होत्या.

"गुरुवारी लेरॉयला गॅलपला जायाचंच हाय," बर्निता ताट पुसत म्हणाली. "कोकरं बी झाली आता. त्याच्या गाडीत जा, तिथनं बस मिळंल."

"बरं," लोरिंडा म्हणाली.

बुधवारी सकाळी लेरॉयने दिलेला खस्सी मेंढा कापायचा होता. इथे हे बायांचं काम. बर्निताला वाकवेना, म्हणून चाकू लोरिंडाच्या हाती आला. तिने गळा कापला, रक्त घमेल्यात धरलं. "कातड्याला चाकू लावू नको," बर्निता खुर्चीवरून सांगत होती, "मूठ घाल, मूठ. रेटत जा." लोरिंडा मुठीने कातडं सोडवत गेली. कुठे भोक नाही, कुठे चरबी चिकटलेली नाही. शेजारच्या वस्तीवरची एक म्हातारी मदतीला आली होती. ती बघत उभी राहिली.

"हात चांगला हाय की हिचा. कुणाची गं ही?"

"कामाला आलीया," बर्निता म्हणाली.

"पर कूळ कोनचं? तोंडवळा वळखीचा वाटतुया."

"बटाटं चिरून झालं का बघ गं," बर्निताने ट्रीनाला हाक दिली.

लोरिंडाची मूठ कातड्याखाली होती. ती तशीच रेटत राहिली. आपल्या आईचं कूळ तिला माहीत होतं, तेवढं एक नाव तिला नीट उच्चारताही येत होतं. विचारणारी म्हातारी चार हातांवर उभी होती. पण सख्ख्या मावशीने जे सांगितलं नाही ते आपण कसं सांगायचं, असं वाटून ती गप्प बसली. मेंढ्याचं कातडं अखंड निघालं. तिने ते कुंपणावर वाळत घातलं.

तिसऱ्या प्रहरी तीसेक माणसं जमली. लेरॉय नवा शर्ट घालून दाराशी खुर्चीत बसला. मांडीवर पोरगी, तिच्या मनगटात पहिल्यांदाच चांदीचं कडं, पुढ्यात विणलेल्या टोपलीत मीठ. माणसं एकेक करून पुढे यायची, लेरॉय पोरीच्या मुठीत खडा द्यायचा आणि मूठ त्यांच्या हातावर उघडायचा. खडा जिभेवर ठेवून ती पुढे रश्श्याकडे आणि तळलेल्या भाकरीकडे सरकायची. लोरिंडा लाकडं आणत होती, पाणी आणत होती, ताटल्या विसळत होती.

"भाचे, अगं ये की. रांगेबाहेर कशी?" लेरॉयने हाक मारली.

ती स्कर्टला हात पुसून गेली. पोरीने खडा मुठीत आवळून धरला होता, सोडेना. लेरॉयने एकेक बोट सोडवलं तेव्हा तो पडला. लोरिंडाने जिभेवर ठेवला. आपण जे देणार होतो ते आपल्यालाच रांगेत उभं राहून घ्यावं लागलं, हे तिला त्या क्षणी लागलं तेवढं आठ दिवसांत लागलं नव्हतं. ती पाण्याची बादली घेऊन घरामागे गेली आणि बराच वेळ आली नाही.

परत आली तेव्हा लेरॉय बहिणीला बोलावत होता. "ताई, तू राहिलीस."

"कणकीचं हात हायेत," बर्निता म्हणाली. थोड्या वेळाने त्याने परत बोलावलं, तेव्हा तिची कंबर दुखत होती. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "घेतलं की मघाशी." तिने घेतलं नव्हतं. लोरिंडाच्या ध्यानात आलं की सकाळपासून बर्निताने घासही तोंडात घातला नव्हता. खाल्ल्या मिठाला जागावं लागतं. हे मीठ कुणाच्या हातचं असायला हवं होतं ते बर्निताला पक्कं ठाऊक होतं, आणि तिच्या घशाखाली काही उतरत नव्हतं.

दिवस कलला तशी माणसं पांगली. लेरॉय आणि ट्रीना म्हाताऱ्यांना गाडीत घालून सोडायला गेले. वारा पडला होता. लोरिंडाने तळाशी उरलेला रस्सा, दोन बरगड्या आणि एक गार भाकरी ताटलीत घेतली आणि वाड्यापाशी पालथ्या बादलीवर जाऊन बसली. तिची पिशवी भरून झाली होती. एक घास खाल्ला असेल, तेवढ्यात बर्निता लंगडत आली. कडेवर पोरगी, काखेत टोपली. ती दुसऱ्या बादलीवर टेकली. कोकरं आयांना लुचत होती. ती त्यांच्याकडेच बघत बसली.

"तुला आपली बोली कळतीया," ती शेवटी त्याच बोलीत म्हणाली.

लोरिंडाने हातातली भाकरी ताटलीत ठेवली.

"तुझी आई गप बसनारी न्हवती. तुझ्यासंगं कुठल्या बोलीत बोलली आसंल ते मला कळत न्हाई व्हय? पयल्यांदा ध्यानात आलं न्हाई. मागनं आलं. तवर बोलून बसले व्हते."

"हो. कळते," लोरिंडा इंग्रजीतच म्हणाली.

"त्या दिशी पोर हसली."

"हो."

"मग ट्रीनाम्होरं बोलली का न्हाईस?"

"तुम्ही म्हणाला होतात, वारं लागेल. मला वाटलं, खरंच लागलं तर."

 पोरीच्या मनगटातलं कडं बर्निता उगाच फिरवत राहिली. "पोरीच्या भल्यापायी खोटं बोलले," ती म्हणाली. "आन् आज तीस मानसांनी ते खाल्लं. मला खावंना."

"मग मामाला सांगायचं का?"

"त्याचं तोंड पाडू व्हय? त्यानं हौसंनं मेंढा दिला. ट्रीना मला जल्मात माफ करायची न्हाई." तिने डोळे पुसले, रागाने पुसावेत तसे. मग वाकून पोरगी लोरिंडाच्या मांडीवर ठेवली. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच. पोरगी वाटली होती त्याहून जड होती, उबदार होती आणि तिला दुधाचा वास येत होता.

बर्निताने टोपली पुढे सरकवली. तळाशी चार खडे होते. तिने आपला तळहात पसरला. मेंढ्यांच्या लोकरीने तेलकट झालेला, भेगाळलेला हात.

"वाढ," ती म्हणाली.

लोरिंडाने एक खडा पोरीच्या मुठीत दिला आणि मूठ मावशीच्या हातावर नेली. मूठ आपणहून उघडली. बर्निताने खडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. विरघळेपर्यंत ती तशीच बसली होती.

"नुसतं मीठ देत न्हाईत," डोळे उघडून ती म्हणाली. "जेवाण द्यावं लागतं."

लोरिंडाने आजूबाजूला पाहिलं. मटण लेरॉयचं, पीठ बर्निताचं, ताटलीसुद्धा याच घरातली. तिच्या वाट्याला आलेलं अन्न तेवढं तिचं होतं. तिने ताटली उचलून पुढे धरली.

"एक घास खाल्लाय यातला."

"आसू दे."

बर्निता जेवायला लागली. दिवसभराची भुकेली होती. भाकरी रश्श्यात बुडवून तिने भराभर खाल्ली, बरगड्या दातांनी साफ केल्या.

"उद्याची गाडी," लोरिंडाने विचारलं, "किती वाजता निघणार?"

"लेरॉयची? निघंल सकाळच्या पारी." बर्निताने घास गिळला. "तू कशाला इचारतीस? पानी कोन आननार?"

लोरिंडाने पोरीला घट्ट धरलं.

"आन् हे कुनाला सांगायचं न्हाई," बर्निता म्हणाली. "कंदी बी."

"नाही सांगणार."

त्या पोरीला लेरॉयमामाने हसवलं असंच खोऱ्यात आजही सांगतात. लोरिंडाच्या पंगतीला एकच पाहुणी होती, आणि तिने ताटलीत काही ठेवलं नाही.